संस्कृती थोरांची, मोटरसायकल पोरांची

हिंदी सिनेमात दोन वेगळ्या घरांतली, वेगळ्या भाषेची किंवा धर्माची कोवळी पोरं प्रेमात पडायची असली की त्यांची रवानगी गोव्याला होते. का, ते विचारू नये. तिथं समुद्र आहे, चर्च आहे, नायिकेनं आखूड फ्रॉक घातला तर शेजारीण दार लावून घेत नाही. मुख्य म्हणजे गोंयकार मध्ये बोलत नाही. बोललाच तर हातात बाटली धरून बोलतो.

‘बॉबी’ आला १९७३ साली, ‘एक दूजे के लिए’ १९८१ साली. दोन्ही मी आवडीनं पाहिलेत आणि उद्या टीव्हीवर लागले तर जेवणाचं ताट घेऊन समोर बसेन. तेव्हा ‘तुम्हाला प्रेमातलं काय कळतं’ अशी पत्रं पाठवू नयेत. तक्रार प्रेमाबद्दल नाहीच. तक्रार अशी, की जातिधर्म-भाषेच्या भिंती पाडणारे म्हणून ज्या सिनेमांना आपण इतकी वर्षं हार घालतोय, त्यांत भिंती सगळ्या आईबापांच्या वाट्याला. पोरांच्या वाट्याला फक्त मोटरसायकल.

‘बॉबी’चंच घ्या. राज हा मुंबईच्या गडगंज नाथसाहेबांचा मुलगा, बॉबी ही जॅक ब्रागांझा नावाच्या मासेमाराची मुलगी. हिंदू मुलगा, ख्रिस्ती मुलगी, हा केवढा क्रांतिकारक मामला! आता जरा आठवून सांगा, धर्म आडवा आला तो प्रसंग कोणता? डोकं खाजवा, सापडणार नाही. नाथसाहेबांना चर्चचा त्रास नाही, मासळीच्या टोपलीचा आहे. जॅकच्या चार-दोन गिरण्या असत्या तर मध्यंतरापूर्वीच पत्रिका छापून झाल्या असत्या. कथा ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची. ‘आवारा’पासून या जोडीला गरीब-श्रीमंत हाच एक झगडा दिसायचा आणि तो त्यांना उत्तम जमायचा. धर्म इथं नायिकेच्या पोशाखापुरता. बॉबीच्या जागी कोणीही गरिबाघरची मुलगी चालली असती, फक्त फ्रॉक शिवून घ्यावा लागला असता.

बरं, या दोघांत परकेपण ते किती? राजला लहानपणी सांभाळलं कुणी, तर बॉबीच्या आजीनं, मिसेस ब्रागांझानं. म्हणजे नाथांचा वारस एका गोंयकार ख्रिस्ती बाईच्या मांडीवर वाढलेला. खरा सिनेमा इथं होता. त्या बाईनं त्याला कुठल्या भाषेत झोपवलं? रविवारी ती चर्चला जायची तेव्हा हे पोर कुणाकडे असायचं? नाथांच्या स्वयंपाकघरात तिचा कप वेगळा होता की नव्हता? यातलं एकही विचारायला कुणाला सवड नाही, कारण राजला मोटरसायकलवर बसायची घाई. ती बुटकी राजदूत जीटीएस पुढं लोकांच्या तोंडी ‘बॉबी राजदूत’ झाली. त्या प्रेमातून देशाला हाती लागलेली ठोस वस्तू म्हणजे ही.

एक जागा मात्र अस्सल आहे. राज पहिल्यांदा बॉबीच्या दारात जातो, ती दार उघडते. हाताला बेसन लागलेलं, तोच हात ती केसांवरून फिरवते आणि पीठ केसांना लागतं. दोन-चार सेकंदांचा खेळ, पण अख्ख्या सिनेमात इतकं खरं दुसरं काही नाही. याचं कारण उघड आहे. ते दिग्दर्शक राज कपूरला सुचलेलं नव्हतं, त्याच्यावर गुदरलेलं होतं. तरुणपणी तो जद्दनबाईंच्या घरी गेला तेव्हा त्यांची मुलगी नर्गिस भजी तळता तळता उठून आली आणि तिनं असाच हात केसांना पुसला, हा किस्सा कपूर घराण्यानंच जगाला सांगितलाय. म्हणजे पेशावरचा हिंदू मुलगा आणि मुसलमान आईची मुलगी यांची भेट, पंचवीसेक वर्षं मुरवून, गोंयकार ख्रिस्ती स्वयंपाकघरात आणून ठेवली. हिंदू-मुसलमान प्रेम पडद्यावर हिंदू-मुसलमान म्हणून दाखवायला छाती लागते. हिंदू-ख्रिस्तीला नुसती छत्री आणि समुद्र पुरतो.

गाण्याचंही तेच. जॅक ब्रागांझा मंडळींसह नाचतो, सोनंचांदी नको म्हणतो, ते लग्नसराईतलं गाणं सगळ्यांना पाठ आहे. त्याचा ठेका आणि ती ‘घे घे’ची लडिवाळ ओढ आली आहे एका जुन्या गोमंतकीय देखणीतून. देखणी म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून गायला आणि नाचला जाणारा एक गीतप्रकार. आणि या देखणीतली नायिका कोण? तर हिंदू कलावंतीण. तिला नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायचंय, वाट ठाऊक नाही, म्हणून ती नावाड्याची विनवणी करते. अंगावरचा एकेक दागिना काढून पुढं करते. तो काही बधत नाही. पायांत घुंगरू बांधून, साडी नेसून ख्रिस्ती मुलींनी हिंदू नर्तकीचं हे गाऱ्हाणं पिढ्यान्‌पिढ्या गायलंय. एका समाजानं दुसऱ्याच्या दारापर्यंत जायचं, त्याचे कपडे चढवायचे, आणि तरीही थोडं ऐकू न आल्यासारखं करायचं, हे सगळं त्या चार कडव्यांत आहे. नदी आहे, पलीकडे जायची किंमत आहे, ती देऊनही नाकारला गेलेला प्रवास आहे. ‘बॉबी’नं त्यातला ठेका उचलला आणि नदी तिथंच सोडली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल ठेका उचलण्यात हुशारच होते, त्यांना दोष नाही. पटकथेला नदी नको होती. तिला शेवटी धबधबा हवा होता. त्यात पोरांनी उडी मारली की एकाच्या बापानं दुसऱ्याचं लेकरू बाहेर काढायचं, झाली सोयरीक. पन्नास वर्षांत असा सलोखा एकाही तंटामुक्ती समितीला जमलेला नाही.

पडद्याबाहेर काय चाललं होतं तेही बघा. थोरांच्या हट्टापुढं न वाकणाऱ्या षोडशेची ही गोष्ट २८ सप्टेंबर १९७३ रोजी थिएटरात लागली. बॉबी झालेली डिंपल कपाडिया तोवर मिसेस खन्ना होऊन सहा महिने झाले होते. मार्चमध्ये लग्न झालं तेव्हा तिला सोळावं पुरं व्हायचं होतं, राजेश खन्ना तिशीचा. मुलीच्या लग्नाचं किमान वय तेव्हा पंधराच होतं, ते अठरावर गेलं १९७८ साली. तेव्हा कायद्यानं सगळं चोख. ‘कोवळ्या प्रेमाला मोठ्यांनी हात लावू नये’ हे सांगणाऱ्या सिनेमाच्या नायिकेनं त्यानंतर दहा-अकरा वर्षं कॅमेऱ्यासमोर पाऊल ठेवलं नाही, एवढंच नोंदवून पुढं जातो.

थोरांनी या प्रेमाचा आणखी एक उपयोग करून पाहिला. फेब्रुवारी १९७७मध्ये जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा लागली. लोक घरीच बसावेत म्हणून दूरदर्शननं त्या संध्याकाळी ‘बॉबी’ लावला. लोक चालत सभेला गेले. भारतीय जनता प्रेमावर जीव टाकते, पण किती वाजता टाकायचा ते स्वतः ठरवते.

आता ‘एक दूजे के लिए’. मध्ये एक घरगुती दुवा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘बॉबी’तली प्रेमळ आजी दुर्गा खोटे. ‘एक दूजे के लिए’मधली कडक आई शुभा खोटे. दुर्गाबाई या शुभाताईंच्या सख्ख्या काकू. १९७३ साली काकूनं जुळवलं, १९८१ साली पुतणीनं मोडलं, आणि दोन्ही वेळी मराठी बाईनं मराठी सोडून बाकी सगळ्या समाजांची आई व्हायचं, हा आपल्याकडचा जुना करार.

करारावरून आठवलं. या सिनेमाचा सगळा डोलारा एका करारावर उभा आहे. तमिळ वासू आणि उत्तरेकडची सपना, दोघांची घरं गोव्यात शेजारीशेजारी. घरच्यांचं विळ्याभोपळ्याचं. पोरं ऐकत नाहीत म्हटल्यावर थोर मंडळी अट घालतात: एक वर्ष भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही, तरीही प्रेम टिकलं तर लग्न. आपल्याकडे भाडेकरूशी अकरा महिन्यांचा करार करतात, प्रेमाला एक महिना वाढवून दिला इतकंच. मौज अशी की परीक्षेला बसवलं पोरांना. थोरांनी त्या वर्षात काय करायचं होतं याचा करारात उल्लेखही नाही. सपनाच्या आईनं वर्षभर शेजारणीकडे जाऊन रसम शिकावं, वासूच्या बापानं वर्षभर हिंदी बातम्या ऐकाव्यात, असं एखादं कलम कुणाला सुचलं असतं तर सिनेमा दीड तासात आटोपला असता आणि निर्माते एल. व्ही. प्रसाद बुडाले असते.

वासूला हिंदी येत नाही. मग तो विरहाच्या वर्षात हैदराबादला जाऊन हिंदी शिकतो, तेही संध्या नावाच्या विधवेकडून. वासू झालेला कमल हासन शिकणार म्हणजे शब्द कसे अडखळवायचे, कुठं जीभ चावायची, सगळं तयारीनं. बघायला बहार येते. पण तमिळ कोण शिकतं? गोष्टीच्या बाजूनं बघितलं तर त्याला तिची भाषा यायला हवी तितकीच तिला त्याची. तिकीटखिडकीच्या बाजूनं बघितलं तर प्रेक्षक हिंदी, म्हणून वह्या-पुस्तकं वासूच्या काखेत. हिंदीविरुद्ध १९६५ साली मद्रास प्रांत पेटला होता, माणसांनी अंगावर रॉकेल ओतून घेतलं होतं. दिल्लीला जे सरकारी हुकमानं जमलं नाही ते सपनानं बारा महिन्यांत करून दाखवलं आणि त्याला कुणी लादणं म्हटलं नाही, प्रेम म्हटलं. आणि हे दाखवणारा दिग्दर्शक के. बालचंदर, तंजावरच्या मातीतला अस्सल तमिळ माणूस! त्यानंच आधी, १९७८ साली, हीच गोष्ट तेलुगूत ‘मरो चरित्र’ म्हणून केली होती. तिथंही मुलगा तमिळ, मुलगी तेलुगू. प्रेक्षक तेलुगू म्हणून तिथं तेलुगूची चलती. तो सिनेमा मद्रासेत तेलुगूतच, भाषांतराशिवाय, तुफान चालला. म्हणजे प्रेक्षकांना दुसऱ्याची भाषा सोसत होती. ती फक्त पडद्यावरच्या आईबापांना सोसत नव्हती.

आता स्थळाकडे वळू. भाषेवरून दोन घरं हातघाईवर आलीत अशी गोष्ट १९८१ सालच्या गोव्यात घडते. त्या वेळी त्याच गोव्यात कोकणी की मराठी यावरून खरीखुरी घरं फुटत होती. १९६७च्या जनमत कौलानं महाराष्ट्रात जायचं नाही एवढं ठरलं, बोलायचं कशात ते ठरायचं होतं. एकाच घरात आजोबा मराठी कीर्तनाला जात, नातू कोकणीचा झेंडा धरी आणि जेवताना कुणी कुणाकडे बघत नसे. १९८६च्या आंदोलनात माणसं मेली. राजभाषा कायदा झाला तेव्हा १९८७ साल उजाडलं होतं. आणि सिनेमात? मद्रासचे आणि उत्तरेचे दोन पाहुणे गोव्यात येऊन हिंदी-तमिळवरून भांडतात आणि यजमानाची भाषा कुठली याची दोघांनाही कल्पना नाही. कॅमेऱ्यानं गोव्याचा एकूण एक खडक टिपला, खडकावर बसलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द काही त्याच्या कानी आला नाही.

या सिनेमातलं प्रेम नेमकं दिसतं कसं, हे एका प्रसंगात कळतं. आई वासूचा फोटो जाळते. सपना काय करते, तर ती राख चहात कालवते, ढवळते आणि आईच्या डोळ्यांत डोळे घालून पिऊन टाकते. शुभा खोट्यांचा त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा आहे, लेक हातची गेली हे त्यांना त्या घोटात कळतं. प्रसंग म्हणून जबरदस्त. पण हे प्रेम वासूवर आहे की आईवर सूड? चहाचा तो कप वासूसाठी उचललेलाच नाही. वासू त्या खोलीत नाही, त्याला पत्ताही नाही. या सिनेमांत प्रेमाची खोली मोजायचं माप नेहमी हेच: आईबापांचा जळफळाट किती झाला. थोरांनी ‘बरं, करा’ म्हटलं असतं तर या दोघांनी दुसऱ्या दिवशी एकमेकांशी काय बोलायचं होतं, देव जाणे. हिंदी-तमिळचा तोवर श्रीगणेशाही झाला नव्हता.

आणि संध्या? तिनं भाषा शिकवली, जीव लावला, वासू रागाच्या भरात तिच्याशी लग्नालाही तयार झाला. मग खरं कळल्यावर तिनंच स्वतःहून बाजूला व्हायचं. जी खरोखर एका माणसाला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत घेऊन गेली, तिच्या वाट्याला त्याग आणि पांढरी साडी. अख्ख्या सिनेमात ‘क्रॉस-कल्चरल’ म्हणावं असं नातं या दोघांचं होतं आणि तेच कुणाला प्रेम वाटलं नाही.

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. दोघं कड्यावरून उडी घेतात. सिनेमा धो धो चालला आणि पाठोपाठ प्रेमी जोडप्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. इथं माझी तिरकी लेखणी सरळ करतो. राख पिणं हा अभिनय होता, कड्यावरची उडी हाही अभिनयच होता. हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सांगायची तसदी कुणी घेतली नाही. उलट गोव्यातल्या दोना पावलाला येणाऱ्या पर्यटकांना वाटाडे आजही अभिमानानं दाखवतात, ‘एक दूजे के लिए’ इथंच झाला. तिथं मुळातच दोना पावला नावाच्या बाईनं प्रेमापायी समुद्रात उडी घेतल्याची दंतकथा चिकटलेली. ती खरी बाई होऊन गेली, उडीला मात्र काडीचा पुरावा नाही. पण उडीशिवाय प्रेम खपत नाही, हे सिनेमावाल्यांच्या कितीतरी आधी वाटाड्यांना कळलेलं असावं.

मग ‘सैराट’चा उल्लेख आलाच पाहिजे, कारण तीही पोरं हैदराबादलाच जातात. वासू तिथं भाषा शिकायला गेला होता, आर्ची आणि परश्या जीव वाचवायला. पहिला अर्धा भाग नागराज मंजुळेंनीही विहीर, ट्रॅक्टर, बुलेट असा यथेच्छ गुलाबी केलाय. उत्तरार्धात मात्र वाड्यात वाढलेली पाटलाची पोर झोपडपट्टीतल्या संडासापाशी नाक दाबून उभी राहते. तिला तिथलं जेवण जात नाही. बाटल्या भरायच्या कारखान्यात ती कामाला लागते, तेलुगू बोलायला शिकते. परश्या डोशांच्या गाडीवर राबतो, संशय घेतो, हात उचलतो. ती निघून जाते, परत येते. इथं कुणी थोर समोर नाही, जळफळाट करायला प्रेक्षकच नाही. पाणी भरायचं, भाडं द्यायचं, भाषा शिकायची. प्रेम या वस्तूला कामाचे कपडे घातलेले मराठी पडद्यावर मी तरी इतक्या जवळून पाहिले नव्हते. लोकांना लक्षात राहिली गाणी आणि बुलेट. पुढं २०१८ साली हिंदीत ‘धडक’ निघाला तेव्हा जात बरीचशी गळून गेली आणि पोरं कोलकात्याला गेली, घर मात्र नीटनेटकं लावलेलं होतं.

मधल्या काळात ‘टू स्टेट्स’ही येऊन गेला. पुन्हा उत्तर आणि दक्षिण: पंजाबी मुलगा, तमिळ मुलगी. या वेळी दोघं अहमदाबादच्या आयआयएममधली, म्हणून भाषेचा प्रश्न इंग्रजीनं परस्पर मिटवून टाकला. आईबापांचा तेवढा उरला होता, मग सगळा सिनेमा त्यांनाच पटवण्यात गेला.

एक बारीकसा प्रश्न राहिलाय. वासू-सपनाला पळायचं होतं, लपायचं होतं, करार करायचा होता, तर ते पणजीच्या नोंदणी कार्यालयात का गेले नाहीत? गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी कायदा एकच आहे. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो, लग्न सरकारी वहीत नोंदवावंच लागतं. आधी जाऊन इरादा नोंदवायचा, सही करायची. नोटीस लागते. मुदत सरली की परत जाऊन साक्षीदारांसमोर दुसरी सही. पुरोहित नको, पाद्री नको, तमिळ नको, हिंदी नको. वयाचे दाखले मात्र लागतात आणि कारकून जेवायला गेला असेल तर बाकड्यावर बसावं लागतं. त्या बाकड्यावर अर्धा तास शेजारी बसून दोघांना एकमेकांशी काही बोलायला सुचलं असतं, तर पटकथा तिथंच अडली असती. बालचंदर अनुभवी माणूस. त्यांनी कडाच निवडला.